ऑर्कुटवरचे डॉक्टर

सातपूरच्या कारखान्यांच्या वस्तीतल्या आमच्या डॉक्टरांचं मला कोडंच पडायचं. दवाखान्यात ते मोजकंच बोलत. "जीभ दाखवा. झोपा. कुशीवर व्हा." सर्दी असो की पाठदुखी, इंजेक्शन ठरलेलं. तेव्हा इंटरनेटवर गप्पा मारायला ऑर्कुट नवं होतं. तिथं मात्र हेच गृहस्थ पानभर लिहायचे, की साध्या सर्दीला इंजेक्शन लागत नाही, गरम पाणी प्या, आराम करा.

एकदा मलाच सर्दी झाली. त्यांनी इंजेक्शन भरलं. मी म्हटलं, "डॉक्टर, ऑर्कुटवर तर तुम्हीच..."

"तुम्ही वाचता ते?" त्यांचा चेहरा उजळला. "मग तुम्हाला कशाला टोचू? कंपनीतल्या लोकांना सुईशिवाय बरंच वाटत नाही हो!"

भरलेलं इंजेक्शन त्यांनी बाजूला ठेवलं. मी सुटलो खरा, पण सुई न टोचल्यामुळे घरी पोहोचेपर्यंत फसवल्यासारखंच वाटत राहिलं.