साडूंचे पिरॅमिड

पिरॅमिड कोणी बांधले याबद्दल ज्याला काहीच म्हणायचं नाही, असा माणूस माझ्या साडूंसमोर फार वेळ टिकत नाही. चहा संपायच्या आत ते त्याला म्हणायला काहीतरी देतात. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. राहतात डीमन या डच गावात, नोकरी हूफडॉर्पच्या एका कंपनीत, काम दुसऱ्यांनी लिहिलेल्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधण्याचं. पण खरं सांगायचं तर त्यांचा मुक्काम साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या इजिप्तमध्ये असतो, आणि इथे ते पगारापुरते येऊन जातात. भाज्यांचे भाव, व्हिसा, मुलांच्या शाळा, कुठलाही विषय काढा, तिसऱ्या वाक्याला आपण नाईलच्या काठावर उभे असतो. एकदा आमच्याकडे वरणात मीठ कमी पडलं, तर तिथल्या मजुरांच्या जेवणात काय काय असायचं हे आम्हाला ताक येईपर्यंत ऐकावं लागलं. पाव, कांदे, बिअर आणि मांससुद्धा. ताई, म्हणजे माझी मेहुणी, शांतपणे म्हणाली, "घरात तूरडाळ कुठल्या डब्यात आहे ते विचारा यांना."

स्वभावाने तसे ते गरीब आहेत. चढ्या आवाजात बोलताना मी त्यांना दोनच बाबतींत पाहिलंय. पिरॅमिड परग्रहावरच्या लोकांनी बांधले असं कोणी म्हणालं की ते हातातली ताटली खाली ठेवतात. "इतक्या लांबून आले, आणि इथे येऊन काय केलं, तर दगड रचले?" असं विचारतात, आणि उत्तराची खरोखर वाट बघतात. दुसरी बाब गुलामांची. गुलामांना चाबकाने हाणून हे काम करून घेतलं, असं कोणी म्हणालं की त्यांना ते घरच्या माणसाबद्दल बोलल्यासारखं लागतं. "मजूर होते हो ते. आपल्यासारखे. गावोगावहून यायचे, टोळ्या करून राहायचे, टोळ्यांना नावं असायची, ती नावं दगडांवर रंगवून ठेवलीत त्यांनी. आणि मेले तर राजाच्या शेजारी त्यांची थडगी बांधलेली आहेत. गुलामाला कोण राजाशेजारी पुरतं?" हे सांगताना त्यांचे डोळे असे काही होतात, की ऐकणाऱ्याला वाटावं, त्या टोळीत यांचे सख्खे काका होते.

वाचलेल्या गोष्टीवर मात्र ते नुसता विश्वास ठेवत नाहीत, चाचणी घेतात. शेवटी पेशा तोच. इजिप्तमधल्या एका थडग्यात जुनं चित्र आहे: घसरगाडीवर अवाढव्य पुतळा, तो दोरांनी ओढणारी माणसं, आणि पुढच्या वाळूवर पाणी ओतणारा एक जण. वाळू नेमकी ओली केली की ओढणं सोपं जातं, हे कुठेतरी वाचून साडू आम्हा सगळ्यांना एका रविवारी समुद्रावर घेऊन गेले. आमच्या मुलीसाठी बर्फात खेळायला आणलेली लाकडी गाडी बरोबर होती. दगड मिळाला नाही म्हणून तिच्यावर मला बसवलं. वजनाच्या दृष्टीने ही निवड योग्य होती असं ताईचंही मत पडलं. ती झाडांना पाणी घालायची झारी घेऊन पुढे, दोर ओढणारे साडू मागे, आणि मी मांडी घालून गाडीवर. कोरड्या वाळूत गाडी रुतली. मग ताईने झारी धरली आणि मी खरंच निघालो, अगदी सरळ, देवासारखा. कुत्रा फिरवायला आलेले एक डच आजोबा बराच वेळ बघत होते. शेवटी त्यांनी अतिशय सभ्यपणे साडूंना विचारलं, "या गृहस्थांना चालता येत नाही का?"

इतकं असून साडू इजिप्तला कधी गेले नव्हते. इथून विमानाने तसं काही लांब नाही. दर उन्हाळ्यात बेत ठरायचा आणि शेवटी आम्ही ऑस्ट्रियात गाई बघत असायचो. विचारलं की म्हणायचे, "अजून वाचन पुरं झालं नाही." खरं काय ते ताईने एकदा भांडी लावता लावता सांगितलं. "घाबरतात ते. तिथे जाऊन उभे राहिले आणि काहीच वाटलं नाही तर? मग पुढे काय करायचं या माणसाने?"

गेल्या शरदात बांधकामावरची क्रेन बघत सायकल चालवताना त्यांचं चाक ट्रामच्या रुळात अडकलं आणि पाय मोडला. हॉस्पिटलातून प्लास्टर घालून आणलं, तर घर तिसऱ्या मजल्यावर, इमारत जुनी, लिफ्ट नाही, आणि जिना असा उभा की धडधाकट माणसानेही कठडा धरून चढावं. आयंडहोवनहून त्यांचे दोन मित्र आले होते, दोघेही चिप बनवणाऱ्या यंत्रांचे इंजिनिअर. आम्ही तिघांनी त्यांना खुर्चीत बसवून, कमरेला ओढणी बांधून उचललं. पहिला मजला बरा गेला. दुसऱ्या वळणावर खुर्चीचा पाय कठड्यात अडकला आणि खुर्ची ना वर जाईना, ना खाली. आमचे दंड थरथरत होते. साडू मात्र प्रसन्न होते. "हा कोपरा," ते वरून म्हणाले, "इथेच सगळे विद्वान अडकलेत. सरळ चढणीवर दगड कोणीही नेईल, वळवायचा कसा ते सांगा."

"तुम्ही आधी हाताची घडी सोडा," एक इंजिनिअर धापा टाकत म्हणाला.

तेवढ्यात दार उघडून शेजारच्या डच बाई बाहेर आल्या. सत्तरीच्या असतील. त्यांनी सरळ खुर्चीखाली खांदा दिला, आणि आम्ही सुटलो.

पुढचे काही आठवडे साडू सोफ्यावर होते. मित्रांच्या बायका पाळीपाळीने डबे पाठवत. डच बाई वाटाण्याचं घट्ट सूप आणत, आतलं सॉसेज आठवणीने वगळून. मी संध्याकाळी जाऊन बसत असे. प्लास्टर निघालं त्या दिवशी ते पायावर हात फिरवत म्हणाले, "त्या मजुरांच्या सांगाड्यांत मोडून नीट जुळलेली हाडं सापडलीत. म्हणजे कोणीतरी लाकडाची पट्टी बांधली असणार. आणि हाड जुळेपर्यंत याला जेवायला घातलं असणार." मग ताईला म्हणाले, "तिकिटं काढू या."

या वसंतात ते दोघं इजिप्तला जाऊन आले. मी विमानतळावर आणायला गेलो होतो. गाडीत आता बोलण्याचा बांध फुटणार म्हणून मी तयारीत होतो, पण हायवे लागला तरी साडू खिडकीबाहेर बघत होते. शेवटी मीच विचारलं, "मग, कसं वाटलं?"

"मोठं आहे हो," ते म्हणाले. एवढंच.

मागच्या सीटवरून ताई म्हणाली, "पिरॅमिडकडे पाठ करून बसले होते. मजुरांची वस्ती होती ना, तिच्याकडे तोंड करून. उन्हात. मी छत्री धरून उभी."

"तिथे भट्ट्या होत्या," साडू हळू म्हणाले. "पहाटे पाव भाजले जात असतील. माणसं खाऊन कामावर जात असतील, तिन्हीसांजेला परत येत असतील. घरात शिरायच्या आधी एकदा वळून बघत असतील, आज किती झालं." "त्यांच्यातल्या कितीतरी जणांनी ते पुरं झालेलं पाहिलंच नसेल."

ताईने पुढे वाकून त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, आणि घर येईपर्यंत तो तसाच होता.