सोमोएने मागितलेला मेहेर

आमच्या लामू बेटावर बी झुहुराच्या घराची वाट कुठल्या बाईने विचारली, तर सांगणारा आधी तिच्या तोंडाकडे बघतो आणि मग आवाज खाली आणून वाट सांगतो. त्या घराची वाट कुणी हौसेने विचारत नाही.

बी झुहुरा माझ्या पणजीच्या काळातली; ‘बी’ आम्ही बाईला मानाने म्हणतो. नवऱ्याने तिला अंगावरच्या वस्त्रानिशी बाहेर काढलं होतं. पुढे तिने सुकी मासळी विकून पैसा केला, गल्लीत चार खोल्यांचं दगडी घर घेतलं आणि ते वक्फ केलं, म्हणजे अल्लाच्या नावाने कायमचं देऊन टाकलं; ते मग कुणाला विकता येत नाही की परत घेता येत नाही. अट एकच घातली. जिच्या डोक्यावर कुणा पुरुषाचं छप्पर नाही, तिने इथे राहावं, भाडं देऊ नये. खाडीपलीकडची नारळाची वाडीही तिने सोबत जोडून दिली. त्या नारळांवर घराला चुना लागतो, गल्लीच्या विहिरीला दोर येतो आणि रमजानात सगळ्या गल्लीची पेज शिजते. जे लोक आम्हाला ‘फुकट राहणाऱ्या’ म्हणतात, तेही पेजेला वाडगा घेऊन पहिले हजर असतात. असो.

मी मिझे. नवरा होडीसकट समुद्रात गेला, तेव्हापासून या घरात आहे, चटया विणते. समोरच्या खोलीत सोमोए. ती माझ्याही आधीची. स्वभावाने गरीब, इतकी की तिच्या वाटणीचं भांडणसुद्धा मलाच करावं लागायचं. पहाटे ती नारळाचं दूध आणि वेलची घालून महमरी, म्हणजे फुगीर गोड पुऱ्या, तळून विकायची, आणि तो वास सुटला की सगळी गल्ली जागी व्हायची.

सोमोएची दोन लग्नं झाली आणि दोन्ही मोडली. पहिल्या नवऱ्याने मेहेरात, म्हणजे निकाहात बायकोला द्यायच्या देण्यात, सोनं दिलं, होडी घ्यायची म्हणून गोड बोलून तेच परत घेतलं, आणि होडी आल्यावर हिला ‘निघ माझ्या घरातून’ म्हणाला. दुसऱ्याने लहानसं घर दिलं. ते तिच्या भावाने ‘मी सांभाळतो’ म्हणत विकून टाकलं. मग बिनघराच्या बायकोचा त्या नवऱ्यालाही कंटाळा आला. तोही तेच म्हणाला. शब्दसुद्धा बदलला नाही मेल्याने.

अशा बाईला अठ्ठावन्नाव्या वर्षी मागणी आली. शेकुवे, होड्या बांधणारा सुतार, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. रोज महमरी घ्यायला यायचा, आणि घेऊन झाल्यावरही उभाच राहायचा. एके दिवशी भलीथोरली सुरमई घेऊन आला आणि म्हणाला, “बी सोमोए, ही मला एकट्याला संपायची नाही.” यालाच आमच्याकडे मागणी घालणं म्हणतात असं नाही, पण सोमोए लाजली, तेव्हा मला कळलं.

“अगं, दुधाने तोंड पोळलं की माणूस ताक फुंकून पितं,” मी म्हटलं. “तू तर पुन्हा दुधाचाच पेला उचलतेस!”

“मला तो आवडतो, मिझे.”

“मग महमरी जास्त दे त्याला. लग्न कशाला?”

मी रागावले होते, आणि राग कसला ते मला ठाऊक होतं. लग्न केलं की अटीप्रमाणे तिला खोली सोडावी लागणार. या वयात शेकुवेने सोडलं तर ही जाणार कुठे? त्यात खोलीवर डोळा ठेवून असलेल्या दुसऱ्या बाईलाही काही म्हणायची सोय नव्हती. नवऱ्याने काढून दिलेली रिझिकी तान्ह्या पोरीला घेऊन आत्याच्या बोळात चटई टाकून झोपत होती. गल्लीतल्या बायका मोठ्याने बोलायच्या, “नवराही पाहिजे, खोलीही पाहिजे. हावरट!”

सोमोए वक्फाच्या कारभाऱ्याकडे गेली. आबूद नाव त्यांचं. तोंडाचे फटकळ, पण व्यवहाराला स्वच्छ. मीही पाठोपाठ गेले.

“लग्न करते,” सोमोए म्हणाली, “पण खोली थोडे दिवस राहू द्या. हा नवरा कसा निघतो ते बघते.”

“नवरा म्हणजे काय आंबा आहे, पिकतो का बघत बसायला?” आबूद म्हणाले. “ज्या दिवशी लग्न, त्या दिवशी किल्ली. अट माझी नाही, बी झुहुराची आहे. मी मोडली, तर उद्या दुसरा कारभारी घरच मोडून खाईल.”

“आणि त्याने सोडलं तर?”

आबूद म्हणाले, “खोली रिकामी असली तर देईन. नसली तर नाही.”

सोमोए दोन दिवस नुसती महमरी तळत राहिली. तिसऱ्या दिवशी शेकुवे मेहेराचं विचारायला आला. बाहेरच्या दगडी बाकावर आबूदही होते.

“तुमच्या घरातली खालची खोली आणि चूल,” सोमोए म्हणाली.

शेकुवे हसला. “एवढंच ना? दिली. तुझीच.”

“माझी झाली की मी ती त्याच दिवशी वक्फ करणार. जिवंत आहे तोवर मी राहीन. माझ्यामागे, जिला छप्पर नाही ती.”

त्याचं हसू गेलं. “माझ्या घरात परक्या बायका? आणि माझा मुलगा?”

“त्याला माडी आहे की.”

“म्हणजे तुझा माझ्यावर विश्वास नाही.”

“तुमच्यावर आहे. रागावर नाही, कुणाच्याच,” सोमोए म्हणाली. इतकी सलग ती कधी बोलत नसे. “सोनं माझं होतं, ते नवऱ्याने खाल्लं. घर माझं होतं, ते भावाने विकलं. ही खोली माझी नव्हती, शेकुवे, म्हणून तेवढी माझ्यापाशी राहिली.”

शेकुवे उठला आणि निघून गेला. मी मनात म्हटलं, सुंठीवाचून खोकला गेला. पण सोमोएचं तोंड बघवेना. पुढे बरेच दिवस तो महमरीला आला नाही. ती रोज त्याच्या वाटणीच्या बाजूला काढायची आणि उन्हं वर आली की रिझिकीला नेऊन द्यायची.

मग एका सकाळी तो आला, खांद्यावर करवत.

“खालच्या खोलीला रस्त्यावर उघडणारं वेगळं दार लागेल,” तो आबूदना म्हणाला, सोमोएकडे न बघता. “हिच्यामागे राहायला येणाऱ्या बायका माझ्या पोराच्या जिन्यासमोरून ये-जा करायला नकोत. मी भिंत फोडायला घेतली आहे. हिला विचारा, दार केवढं हवं.”

“महमरीची परात जाईल एवढं,” सोमोए म्हणाली.

निकाह लागला, आणि त्याच बैठकीत काझींनी खोलीचा वक्फही लावला. मी नेसलेल्या कांग्यावर, म्हणजे आमच्याकडच्या म्हणी छापलेल्या वस्त्रावर, छापलं होतं, ‘शेजारणी, आधी तुझी हंडी बघ.’ ज्यांना वाचायचं त्यांनी वाचलं. सोमोएने किल्ली आबूदना दिली, आबूदनी ती रिझिकीला दिली. माझ्या समोरच्या खोलीत आता एक पोर दिवसभर रडतं. सवय होईल.

वर्षभराने मी तिच्याकडे चटई द्यायला गेले होते. त्या नव्या दाराशी पोचले तर आत जुंपलेली. मासा खारट झाला होता, आणि एका गिऱ्हाइकाने होडीचे पैसे बुडवले होते. शेकुवे ओरडला, “निघ माझ्या घरातून!”

गल्लीतल्या बायका जागच्या जागी थबकल्या. पहिल्या दोघांचेच शब्द. त्याच्याही ध्यानात आलं असावं, तोंड उघडं ते उघडंच राहिलं.

सोमोए नारळ खवत होती. तिचा हात थांबला नाही.

“ही खोली तुमची नाही, शेकुवे,” ती म्हणाली. “माझीही नाही. बसा. भात निवतोय.”

मी दारातच रडत होते. शेकुवे खाली बसला. तिने त्याला वाढलं, आणि मग मला आत बोलावलं.