मामांनी न निवडलेलं मशीन

सकाळी नऊ वाजून सात मिनिटांनी मामा एका मदरबोर्डवर रागावलेले होते. मदरबोर्डचा दोष एवढाच होता की तो पांढरा होता.

"लादी आहे का ही?" त्यांनी विचारलं. जोडणीच्या खोलीत दुसरं कोणी नव्हतं, त्यामुळे उत्तर मिळालं नाही. मामांना उत्तराची गरज पडत नाही. त्यांनी बोर्ड टेबलावरच्या रबरी चटईवर ठेवला, प्रोसेसर बसवला, कूलरखाली थर्मल पेस्टचा वाटाण्याएवढा थेंब सोडला आणि कूलर दाबला. हात हळुवार होते. तोंड तसं नव्हतं.

मामा हे दुकानमालकीण ताईंचे धाकटे भाऊ. ताईंच्या मुलीचे सख्खे मामा, आणि त्या नात्याच्या आधाराने कामगारांचे, गिऱ्हाइकांचे, कुरियरवाल्यांचे आणि शेजारच्या झेरॉक्सवाल्याचेही मामा. टेपरेकॉर्डर दुरुस्त करण्याचं त्यांचं दुकान बसलं तेव्हा ताई म्हणाल्या, "दुसरं काही मिळेपर्यंत दोन महिने ये माझ्याकडे." त्याला एकोणीस वर्षं झाली. ते दोन महिने अजून संपायचे आहेत.

दुकान गेमिंग कॉम्प्युटर ऑर्डरप्रमाणे बनवून देतं. काचेची मोठी पेटी, आत रंगीत दिवे, दिव्यांपेक्षा जास्त पंखे, आणि हे सगळं टेबलावर ठेवलं की टेबलावर दुसरं काही ठेवायला जागा राहत नाही. एकेक भाग वेगळा निवडायचा असतो, आणि निवड ही आजवर मामांची मक्तेदारी होती. गिऱ्हाईक आलं की मामा त्याला स्टुलावर बसवत आणि उलटतपासणी सुरू करत. कोणता गेम खेळता? स्क्रीन केवढी? खोलीला खिडकी आहे? ती उघडता का? घरात केर कोण काढतं? शेवटच्या प्रश्नावर पुष्कळ जण गडबडत. मामांच्या मते पंख्यांना जाळी कोणती लावायची हे त्याच उत्तरावर ठरतं, आणि जो माणूस "बायको काढते" असं पटकन सांगतो त्याच्या मशीनची काळजी करायला नको. मुलीचा बापही स्थळाची इतकी चौकशी करत नसेल. दोन तास असं सोलून काढल्यावर मामा भाग सांगत, आणि गिऱ्हाईक ते मुकाट्याने घेई, बहुधा घरी जायची घाई झालेली असल्यामुळे.

स्वतः मामा गेम खेळत नाहीत. गेम नुसता पाहिला तरी त्यांना चक्कर येते.

गेल्या वर्षी ताईंच्या मुलीचं लग्न झालं आणि कुटुंबात जावईबापू आले. ताईंनी त्यांना घड्याळ दिलं. जावईबापूंनी ते मनगटावर बांधलं आणि दुकानाचा वेळ कुठे कुठे वाया जातो ते सांगायला सुरुवात केली. बोट पहिल्या दिवशीच जोडणीच्या खोलीकडे वळलं. मग शोरूममध्ये एक भलामोठा टच स्क्रीन लागला. गिऱ्हाइकाने त्यावर बोट ठेवायचं, आवडेल तो भाग उचलायचा, मशीनचं चित्र आपोआप तयार. प्रश्न नाही, स्टूल नाही, मामा नाहीत.

"चपला घेतल्यासारखं झालं हे," मामा म्हणाले होते.

"मामा, चपला निदान पायात घालून बघतात. तुम्ही तर गिऱ्हाइकाला पायच मोजत बसवता," जावईबापू म्हणाले. त्यांचा आवाज नेहमी गोड असतो. मामांना त्याचाच जास्त त्रास होतो.

ताईंची पंचाईत झाली. भावाला चारचौघांत काहीही बोलता येतं, जावयाला एकांतातही नाही. अखेर त्यांनी तोडगा काढला. "या स्क्रीनवर निवडलेलं पहिलं मशीन धड चाललं, तर यापुढे निवड गिऱ्हाइकाची आणि जोडणी जावईबापूंच्या देखरेखीखाली. तू तक्रार खिडकीवर बस. नाही चाललं, तर स्क्रीन उतरवू आणि तुझं टेबल तुझं."

तक्रार खिडकी म्हणजे जिन्याखालची, गज असलेली खिडकी. तिथे बसणाऱ्याला मशीन उघडायची परवानगी नसते. फक्त ऐकून घ्यायचं. मामांना ऐकून घ्यायची सवय नाही.

ते पहिलं मशीन म्हणजे आजचं. गिऱ्हाईक होत्या एक भूलतज्ज्ञ बाई. दिवसभर लोकांना झोपवायचं आणि घरी आल्यावर बंदुका चालवायच्या, असा त्यांचा दिनक्रम. स्क्रीनवर त्यांनी सगळे भाग निवडले ते एका निकषावर: पांढरे. पांढरा बोर्ड, पांढरी रॅम, पांढरे पंखे, पांढऱ्या वायरी. या रंगकामात ग्राफिक्स कार्ड, म्हणजे गेमचं चित्र काढणारा भाग, मात्र अगदी उत्तम निवडलं गेलं होतं. स्वतः मामांनी तेच दिलं असतं. ही गोष्ट त्यांनी कोणालाही सांगितली नव्हती.

अकराच्या सुमाराला बाई आल्या. ताई आणि जावईबापू त्यांच्या मागोमाग जोडणीच्या खोलीत शिरले.

"झालं का?" बाईंनी विचारलं.

"पेशंट अजून टेबलावर आहे," मामा म्हणाले.

त्या खोलीची एक रीत होती, अर्थात मामांनी घातलेली. आधी बोर्ड, प्रोसेसर आणि रॅम एवढंच उघड्यावर सुरू करून बघायचं. तेव्हा कार्ड नसतं, म्हणून मॉनिटरची केबल बोर्डच्याच खाचेत लावायची. चित्र आलं की सगळं पेटीत बसवायचं, मग कार्ड, आणि मग केबल बोर्डवरून काढून कार्डाला लावायची. नियम असा की ज्याने केबल लावली त्यानेच ती हलवायची. दुसऱ्याने तिला हात लावला म्हणून मामांनी एकदा एका कामगाराशी आठवडाभर बोलणं टाकलं होतं.

चित्र आलं. बोर्ड पेटीत गेला, केबल पुन्हा जागेवर आली. मामांनी कार्डाकडे हात नेला, तेवढ्यात जावईबापू म्हणाले, "मामा, कार्ड मी बसवतो. गिऱ्हाइकासमोर."

"बसवा की," मामा म्हणाले, हाताची घडी घालून भिंतीला टेकले आणि छताकडे बघू लागले. जावईबापूंनी कार्ड बसवलं, काच लावली, बटण दाबलं. दिवे लागले. सगळं इतकं पांढरं दिसलं की दवाखान्यातून आलेल्या बाईंना घरी आल्यासारखं वाटलं असावं.

त्यांनी गेम सुरू केला. पडद्यावरचा शिपाई एक पाऊल उचलून थांबला. विचार केल्यासारखं करून त्याने दुसरं पाऊल उचललं. समोरून शत्रू आला, तोही सवडीने.

"याला मी भूल दिलेली नाही," बाई म्हणाल्या.

जावईबापूंच्या कपाळावर घाम आला. त्यांनी मशीन बंद केलं, सुरू केलं. शिपाई तसाच. मामा भिंतीपासून सुटले. त्यांच्या चेहऱ्यावर अशी शांती होती की ताईंनी मान फिरवली.

"मी म्हटलं होतं," मामा म्हणाले. "रंग बघून मशीन घेतलं की असंच होणार."

"कार्ड खराब आहे," जावईबापू म्हणाले. "या कंपनीचा मालच फालतू. मॅडम, बदलून देतो. दुसऱ्या कंपनीचं लावू."

"पांढऱ्यात मिळेल?"

"बघ," ताई भावाला हळूच म्हणाल्या, "तो स्क्रीन उतरवायचं बघू. खिडकीचं राहू दे."

मामा जिंकले होते. आता फक्त पुरावा हवा होता. एवढ्या बंद पेटीत कार्ड भाजून निघालं असणार, हे सगळ्यांना हात लावून दाखवावं म्हणून त्यांनी काच काढली आणि कार्डाच्या पाठीवर तळवा ठेवला.

कार्ड गार होतं. त्याचे पंखे फिरतसुद्धा नव्हते. शेजारी प्रोसेसरचा कूलर मात्र चांगलाच तापला होता. चित्र काढायचं कामही प्रोसेसर एकटाच करत होता बिचारा.

मामा पेटीच्या मागे वाकले. केबल बोर्डच्या खाचेत होती. त्यांनी लावली होती तिथेच. कार्ड बसवल्यापासून नुसतं शोभेला होतं.

गप्प बसणं सोपं होतं. कार्ड परत जाईल, दुसरं येईल, तेव्हा केबल मुकाट्याने हलवता येईल. टेबल राहील, खुर्ची राहील, आणि जावईबापूंचा गोड आवाज थोडा कमी होईल. मामा वाकलेलेच राहिले.

"फालतूच आहे हे कार्ड," जावईबापू वर सांगत होते. "मला आधीपासूनच शंका होती."

"काय फालतू आहे?" मामा ताडकन उभे राहिले. "या कार्डाला फालतू म्हणता? बाजारात याच्या तोडीचं दुसरं दाखवा मला!" ते पुन्हा वाकले आणि त्यांनी केबल उपटून कार्डाला लावली.

शिपाई धावत सुटला. बाईंनी लागोपाठ तीन जणांना आडवं केलं, यावेळी कायमचं.

"काय झालं होतं हो?" न थांबता त्यांनी विचारलं.

"केबल चुकीच्या जागी होती."

"कोणाची चूक?"

कार्ड आपण बसवलं म्हणजे चूक आपलीच, असं जावईबापूंना वाटलं असावं. त्यांनी तोंड उघडलं. मामांनी ते पाहिलं. एका क्षणात सगळं जावयाच्या अंगावर गेलं असतं, तेही त्याच्या स्वतःच्या तोंडून. पण या खोलीतली केबल दुसऱ्या कोणी लावली असं ऐकणं मामांना टेबल गमावण्यापेक्षा जड गेलं असतं.

"माझी," ते म्हणाले. "केबल मीच लावतो इथे."

ताईंनी भावाकडे पाहिलं, मग पळणाऱ्या शिपायाकडे. "म्हणजे मशीन धड चालतंय."

"फर्स्ट क्लास चालतंय," मामा चिडून म्हणाले.

"मग ठरल्याप्रमाणे, काय?"

"ठरल्याप्रमाणे."

"मामा, खिडकीत लाकडी खुर्ची आहे," जावईबापू म्हणाले. "गादीची मागवतो."

"नको. गादीवर बसून शिव्या खाणाऱ्याची कोणाला दया येत नाही."

बाई मशीन घेऊन गेल्या. मामांनी त्यांना गाडीपर्यंत सोबत केली आणि घरात केर कोण काढतं ते विचारून घेतलं. मग त्यांनी टेबलाचा खण रिकामा केला आणि जोडणीच्या खोलीची किल्ली ताईंच्या हातात दिली. ताईंनी ती जावयाला दिली, पण भाऊ जिना उतरून जाईपर्यंत थांबून.

उद्या शनिवार. तक्रार खिडकी साडेनऊला उघडते आणि शनिवारी दुपारी एकला बंद होते.