डोळे आधी

आमच्या जेवणाच्या टेबलावर आम्ही जेवत नाही. तिथं हिचं सैन्य असतं. गेली चार वर्षं मी ताट मांडीवर घेऊन खुर्चीत बसतो आणि समोरून एखादा हिरवा राक्षस, हातात परशू, तोंडात सुळे, माझ्या घासाकडे बघत असतो. सुरुवातीला मी बराच आरडाओरडा केला. तेव्हा हिनं शांतपणे विचारलं, "तुम्हाला टेबल कशाला हवंय? तुम्ही जेवताना पेपर वाचता. समोर काय आहे ते तुम्हाला कधी दिसलंय?" मग मी आणखी थोडा वेळ ओरडलो आणि ताट मांडीवर घेतलं.

हिनं एकतीस वर्षं डेंटल लॅबमध्ये काढली. दंतवैद्य तोंडाचे साचे पाठवायचे, लॅबमध्ये दात तयार व्हायचे आणि त्यांना रंग द्यायचं काम हिच्याकडे असायचं. दात पांढरा असतो असं ज्यांना वाटतं त्यांनी हिच्यासमोर तसं बोलू नये. दात मुळाशी पिवळसर असतो, टोकाला किंचित निळसर. चहाबाजाचा वेगळा, सिगरेट ओढणाऱ्याचा वेगळा. साठीच्या माणसाला विशीतला दात बसवला तर तो हसला की खोटारडा दिसतो, असं ही म्हणते. लग्न झाल्यावर आठवड्याभरात मी लाडात येऊन विचारलं होतं, तुला माझं काय आवडलं? म्हणाली, "खालचे पुढचे चार." मी ते कौतुक समजून चाललो.

मग लॅबमध्ये मशीन आलं. मशीन रंगवलेलाच दात कापून बाहेर टाकायचं. ही घरी आली. पहिले दोन महिने हिनं पडदे धुतले, डबे घासले, माझ्या कपाटातले कागद नीट लावले, ते मला अजून सापडत नाहीत. शेवटी जावयाला दया आली. हिची आली की माझी, ते त्यालाच ठाऊक.

आमचा जावई चांगला शिकलेला माणूस आहे, पण दर शनिवारी तो मित्रांबरोबर बसून एक खेळ खेळतो. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात. कुणी योद्धा, कुणी जादूगार, कुणी चोर. चोर भिंत चढला की खाली आपटला, हे फाशांवर ठरतं. आणि प्रत्येकाची एक बाहुली असते, बोटाच्या पेराहून जरा मोठी. ती बाजारातून करड्या रंगाची येते, रंग ज्याचा त्यानं द्यायचा. जावयाला साधं दार रंगवता येत नाही. त्यानं एक बाहुली हिच्यापुढे ठेवली आणि म्हणाला, "आई, याला रंग द्याल का? बुटका आहे, खाणीत काम करतो."

हिनं चष्मा चढवला आणि त्याचे दात रंगवायला घेतले. खाणीत राबणाऱ्या, तंबाखू चघळणाऱ्या, कधीही दंतवैद्याकडे न गेलेल्या माणसाचे दात. जावयाच्या मित्रांनी ते भिंगातून पाहिले म्हणे. त्यानंतर माझं टेबल गेलं ते गेलंच.

हिच्या कामाची एक पद्धत आहे, ती सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. बाहुली रिकाम्या बाटलीच्या झाकणावर चिकटवायची, अस्तर मारायचं, आणि सगळ्यात आधी डोळे करायचे. कपडे, तलवार, केस, सगळं नंतर. डोळा म्हणजे खसखशीच्या दाण्याहूनही लहान. त्यात आधी पांढरी रेघ, मग काळा ठिपका. ठिपका जरा सरकला की माणूस तिरळा होतो. पण बाकीचा चेहरा रंगवायचा असतो तोवर ती चूक झाकता येते. पुसायचं, परत करायचं, कडेनं कातडीचा रंग लावून डोळा नेटका करायचा. चेहरा पूर्ण झाल्यावर डोळ्याला हात घातला आणि ब्रश घसरला, तर सगळा चेहरा वाया. रविवारी हिच्याकडे चार जण शिकायला यायचे, त्यांच्याकडून ही दर वेळी हेच घोकवून घ्यायची. डोळे आधी. कुणी विसरला तर त्याचा ब्रश काढून घ्यायची.

काळा ठिपका देताना ही श्वास रोखते. तेवढा वेळ घरात दार आपटायचं नाही, मिक्सर लावायचा नाही, शिंकायचंही नाही. संसारात मला बऱ्याच गोष्टींना मनाई झाली, पण शिंकेला मनाई झालेला मी एकटाच असेन.

यंदा एका औषधवाल्यांचं काम आलं. चौकातल्या मेडिकलच्या दुकानाचे मालक. त्यांचा मित्रांचा गटही हाच खेळ खेळायचा, त्यांची गोष्ट अकरा वर्षं चालली होती, आणि महिन्याअखेरच्या रविवारी ती संपायची होती. शेवटच्या खेळात एका किल्ल्याला वेढा पडणार, आणि किल्ल्यातली माणसं त्यांना हिच्याकडूनच हवी होती. एकूण बावीस. शिपाई, लोहार, पाणक्या, पाव भाजणारी एक जाडी बाई, असे सगळे. ही लगेच हो म्हणाली. नंतर मात्र बरेच दिवस झाकणं नुसती मांडून ठेवलेली दिसायची. ही समोर बसायची, ब्रश धुवायची, पुसायची, पुन्हा धुवायची. मी म्हणायचो, "अगं, तो स्वच्छ झालाय." ही म्हणायची, "दमलेय मी जरा."

दमली होती हे खरं. मान आखडलेली असायची, दुपारी झोपून उठली तरी चेहरा न झोपल्यासारखा. मीही दमलो होतो. आमच्या वयात दोघांपैकी एक जण दमला की दुसरा आपोआप दमतो. मला वाटलं, काम जास्त झालंय, दुसरं काही नाही. चहाचा कप ही हल्ली अर्धाच भरून घेते, हे मी पाहिलं होतं. बँकेच्या फॉर्मवर सही करायची वेळ आली की लेकीला बोलावते, हेही पाहिलं होतं. पण मी जेवताना पेपर वाचणारा माणूस.

रविवारला आठ दिवस राहिले असताना, सकाळी मी चष्मा शोधत टेबलाकडे गेलो. ही आंघोळीला गेली होती. ट्रेवरचं फडकं उचललं तर खाली बावीसही जण तयार. लोहाराच्या एप्रनवर भाजल्याचे डाग, पाणक्याच्या बाह्या कोपरापर्यंत ओल्या, पाववालीच्या दंडावर पीठ. मी खूश झालो आणि एकाला उचलून उजेडात धरलं. त्याला डोळे नव्हते. दुसऱ्याला धरलं. त्यालाही नव्हते. बावीस चेहरे, गालांवर लाली, कपाळावर आठ्या, आणि डोळ्यांच्या जागी नुसता कातडीचा रंग.

मी खुर्चीत बसलो. मला रंगातलं काडीमात्र कळत नाही, पण डोळे आधी हे मला झोपेत विचारलं तरी सांगता येईल. जिनं शिकणाऱ्यांच्या हातातले ब्रश काढून घेतले, तिनं स्वतः डोळे शेवटी ठेवले होते, आणि तिथंच ती अडली होती. अर्धा कप, सह्या, धुतलेला ब्रश परत धुणं, सगळं एकदम माझ्या अंगावर आलं.

ही बाहेर आली तेव्हा मी म्हणालो, "डोळे राहिलेत वाटतं."

"करेन शेवटी."

"शेवटी? तू तर नेहमी..."

"तुम्हाला त्यातलं काय कळतं?" ही म्हणाली आणि फडकं परत घातलं.

माझा स्वभाव असा आहे की भाजीत मीठ कमी पडलं तर मी घर डोक्यावर घेतो, आणि खरं बोलायची वेळ आली की मूग गिळून बसतो. मी बसलो.

दोन दिवसांनी दाराच्या फटीतून मी पाहिलं. हिनं पाववालीला घेतलं होतं. दोन्ही कोपरं टेबलावर रोवलेली, मनगटाला मनगट टेकवलेलं, श्वास रोखलेला. ब्रशचं टोक डोळ्यापाशी गेलं आणि आपलं आपणच हललं. ठिपका गालावर पडला. हिनं पुसला, पुन्हा प्रयत्न केला. तिसऱ्या वेळी पुसताना गालाची लालीच निघून आली. हिनं बाहुली खाली ठेवली, ब्रश धुतला, पुसला आणि पुन्हा धुतला. आत जावंसं फार वाटलं. मी स्वयंपाकघरात जाऊन आधण ठेवलं.

त्यानंतर मी जे केलं ते सांगायची लाज वाटते, पण सांगतो. दुपारी ही झोपली असताना मी स्टेशनरीच्या दुकानातून सगळ्यात बारीक टोकाचं पेन आणलं आणि एका शिपायाला डोळे काढले. आयुष्यभर नोंदणी कचेरीत बारीक अक्षर काढलेला माणूस मी, मला वाटलं दोन ठिपके काय अवघड आहेत? शिपाई घुबडासारखा बघायला लागला. पुसायला गेलो तर शाई पसरली आणि घुबडाला गालगुंड झालं. मी त्याला सगळ्यांच्या मागे उभा केला आणि पेन गादीखाली लपवलं.

संध्याकाळी तो शिपाई स्वच्छ धुतलेला, नव्यानं अस्तर मारलेला, पुढच्या रांगेत उभा होता.   समोरच्याला कळलंय हे आम्हा दोघांनाही कळलं होतं, आणि तरी आम्ही जेवताना लेकीच्या घरच्या गळक्या नळाबद्दल बोललो.

शेवटी हिनं वाट काढली. तपकिरी रंग पाण्यात पार पातळ केला आणि एकेकाच्या डोळ्याच्या खोबणीत थेंब थेंब सोडला. पातळ रंग आपणहून खोलात उतरतो, त्याला हात स्थिर लागत नाही. वाळल्यावर बावीसही जणांचे डोळे खोल गेलेले, पापण्या मिटत आलेल्या दिसू लागल्या. सगळा किल्ला पेंगुळलेला.

रविवारी सकाळी औषधवाले खोका घेऊन आले. मी चहा टाकला. हिनं फडकं काढलं. ते वाकून एकेकाला बघत राहिले, आणि हिचा जीव टांगणीला लागलेला मला ही पाठमोरी असूनही दिसत होता.

"हे सगळे झोपलेत का?" त्यांनी विचारलं. मग स्वतःच म्हणाले, "नाही, थकलेत. बरोबर आहे की. महिनाभर वेढा आहे, उपाशी आहेत, झोप नाही. अहो, हे आमच्या कुणाच्या डोक्यात आलं नसतं. काय विचार केलाय तुम्ही."

मी स्वयंपाकघराच्या दारात उभा होतो. मनात म्हटलं, सुटलो. एवढं सुंदर कारण त्यांनी आपण होऊन हातात दिलं होतं. नुसतं हसायचं होतं.

ते पुढे म्हणाले, "आता पुढच्या महिन्यात नवी गोष्ट सुरू. पाच नवे नायक आहेत. त्यांचे डोळे मात्र टक्क उघडे हवेत, तुमच्या नेहमीसारखे. ठेवून जाऊ ना?"

मी मागून म्हणणार होतो, हो हो, ठेवा की. शब्द तोंडात आले होते.

"नको," ही म्हणाली. "आणि हा विचार वगैरे काही नव्हता. माझा हात थरथरतो. सहा-सात महिने झाले. डोळे जमत नाहीत आता."

दूध संपलंय, येताना आणा, असं सांगावं त्या आवाजात सांगितलं. औषधवाल्यांनी खोका खाली ठेवला. कुठला हात, विचारलं. उजवा. नुसता ठेवला असताना थरथरतो की काही धरल्यावर? दोन्ही वेळा, सकाळी जास्त. डॉक्टरना दाखवलं? नाही. का नाही दाखवलं? ही सगळ्याची उत्तरं देत होती. सहा महिन्यांत मला जे मिळालं नाही ते त्या परक्या माणसाला दोन मिनिटांत मिळालं.

"घरी माहीत आहे ना?" त्यांनी हळू विचारलं.

"यांना सांगितलं नाही. हे घाबरतात."

मला संताप आला. त्यांच्यासमोर कप आपटून म्हणावंसं वाटलं की मी कशाला घाबरीन? पण ट्रे माझ्या हातात होता आणि बश्या एकमेकींवर वाजत होत्या. त्यांनी चहा घेतला, एका डॉक्टरचं नाव कागदावर लिहून दिलं, आपलं सैन्य कापसात गुंडाळून खोक्यात भरलं आणि दारात हिला वाकून नमस्कार करून गेले. नवे पाच नायक त्यांनी बरोबर नेले.

टेबल पहिल्यांदाच रिकामं झालं. ही खुर्चीत बसली होती, दोन्ही हात मांडीवर, पदराखाली. मी तिच्यासमोर बसलो. सोमवारी डॉक्टरकडे जायचं, किती वाजता निघायचं, असलं बोलायला माझी जीभ वळत होती. ते मी बोललो नाही.

"दाखव," मी म्हटलं.

तिनं पदराखालून उजवा हात पुढे केला. मी तो दोन्ही हातांत घेतला. मला वाटलं होतं, थोडीशी थरथर असेल, वयामुळे असते तेवढी. ती थोडीशी नव्हती. माझी मनगटंसुद्धा तिच्याबरोबर हलायला लागली. मी भयंकर घाबरलो. ते तिला दिसलं, आणि दिसलंय हे मला कळलं, तरी मी हात सोडला नाही.