कुंपण नसलेलं गेट

माझ्या वडिलांना परक्याच्या शेतातून चालता येत नाही, हे मला इंग्लंडला गेल्यावर कळलं. त्याआधी दोन महिने आम्ही बेंगळुरूत, बनशंकरीच्या फुटपाथांवर, चालायची जय्यत तयारी केली होती. पाठीवरच्या ओझ्याची सवय व्हावी म्हणून सॅकमध्ये पाच किलो तांदूळ भरून बाबा रोज सकाळी निघायचे, आणि आमच्या इमारतीचा वॉचमन रोज विचारायचा, "ऊरिगा, सर?" म्हणजे गावाला निघालात का. बाबा रोज न कंटाळता नकारार्थी मान हलवून "इल्ला, वॉकिंग" म्हणायचे. आईने सुरुवातीलाच हात झटकले. चालायलाच जायचं तर विमानात कशाला बसायचं, असं म्हणून ती सरळ माहेरी निघून गेली.

बेत माझा होता. ऑफिसच्या कामासाठी मी पूर्वी तिकडे सहा महिने राहिले होते, तेव्हा सुट्टीच्या दिवशी चालायची चटक लागली. तिथे एका समुद्रापासून दुसऱ्या समुद्रापर्यंत जाणाऱ्या पायवाटा आहेत. डोंगरावरून, खेड्यांतून, लोकांच्या शेतांमधून त्या जातात आणि कुणीही त्यांवरून चालावं. अशा एका पंधरा दिवसांच्या वाटेतले चार दिवस मी बाबांच्या गुडघ्यांना मानवतील असे निवडले. खरं कारण वेगळं होतं. चार दिवस बाबा माझ्या तावडीत सापडणार होते आणि मला त्यांच्याशी काकांबद्दल बोलायचं होतं.

बाबा आणि त्यांचा धाकटा भाऊ नऊ वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. भांडण वाटेचं. बेळगावजवळच्या आमच्या गावी काकांचं शेत बाबांच्या शेताच्या मागे आहे आणि तिकडे जायची वाट बाबांच्या शेतातून. जातायेता काकांचे बैल बाबांच्या भुईमुगात तोंड घालायचे. त्यावरून शब्दाला शब्द वाढला आणि बाबांनी सुट्टी काढून, गावी जाऊन, त्या वाटेवर तारेचं कुंपण घातलं. तेव्हापासून काका ओढ्याकडून मोठा वळसा घेऊन स्वतःच्या शेतात जातात. बाबांची सगळी नोकरी बेंगळुरूच्या टोकाला, बोम्मसंद्राच्या कारखान्यात फिटर म्हणून गेली, शेत दुसराच कुणी कसतो, पण कुंपण जागच्या जागी. मला काकांची फार आठवण यायची. मला सायकल त्यांनी शिकवली होती. त्यांच्याशी फोनवर बोलायचं तर स्वतःच्या घरात बाल्कनीचं दार लावून घ्यावं लागायचं, याचा मला संताप यायचा.

पहिला दिवस डोंगरातला होता. बाबा माझ्या पुढे चालत होते आणि मेंढ्यांना कन्नडमध्ये बाजूला व्हायला सांगत होते. दुसऱ्या दिवशी शेतं लागली. बार्लीचं उभं पीक, आणि खांबावरचा पिवळा बाण सरळ त्याच्या मधोमध बोट दाखवत होता. बाबा थांबले.

"उभ्या पिकातनं जायचं?"

"हो. वाटच आहे ती."

"मालकाला विचारलीस?"

"विचारायला लागत नाही, बाबा."

"तू जा. मी कडेनं येतो."

आणि ते खरंच कडेने आले. त्यानंतर प्रत्येक शेताला. मी पाच मिनिटांत पलीकडे पोचायची आणि हे गृहस्थ तीन बाजू फिरून, बूट चिखलाने माखून, अर्ध्या तासाने उगवायचे. मी पलीकडे बसून दोघांच्या वाटणीचा चिवडा संपवला. काकांचा विषय काढायची माझी हिंमत होईना. वैताग मात्र भरपूर झाला.

तिसऱ्या दिवशी बाबा असेच कडेने येत असताना चार चाकांच्या छोट्या गाडीवरून एक म्हातारा शेतकरी आला. बाबांनी टोपी काढली आणि चोरी पकडली गेल्यासारखे उभे राहिले. मी धावत गेले. म्हातारा चिडला नव्हता, चक्रावला होता. तो म्हणाला, "वाट मधून आहे. पेरणी झाल्यावर मी स्वतः ती मोकळी करून ठेवतो. तुम्ही कडेने का फिरताय?"

मी भाषांतर केलं. बाबा म्हणाले, "त्याला विचार, लोक पिकातनं जातात, त्याचा राग येत नाही?"

म्हातारा हसला. "कधीकधी येतो की. पण वाट आधीची आहे. शेत माझ्याकडे नंतर आलं."

हे मी बाबांना सांगितलं. त्यांनी टोपी घातली आणि त्या दिवशी पुढच्या प्रत्येक शेतात ते मधून चालले. मीही, आयुष्यात पहिल्यांदाच, त्यांना काही समजवायला गेले नाही.

चौथ्या दिवशी त्यांना गेटांचं वेड लागलं. तिथल्या कुंपणांत एक गमतीचं गेट असतं. अर्धगोल लोखंडी कठड्याच्या आत एक छोटं फाटक झुलतं. माणूस आत शिरतो, फाटक मागे ढकलतो आणि पलीकडे निघतो. गुरांना ते जमत नाही. बाबांनी प्रत्येक गेट वितीने मोजलं, माझ्या फोनवर फोटो काढायला लावले आणि चहाच्या बिलामागे आकृती काढली.

बेंगळुरूला परतल्यावर तिसऱ्याच दिवशी ते बोम्मसंद्राला, एका जुन्या सहकाऱ्याच्या वर्कशॉपमध्ये जाऊन बसले. दोन आठवड्यांत गेट तयार झालं. मग एका रविवारी त्यांनी माझ्यासमोर काकांना फोन लावला.

"तम्मा, मी बोलायलोय." तम्मा म्हणजे कन्नडमध्ये धाकटा भाऊ.

पलीकडून काकांचा आवाज आला, "बोल, अण्णा."

"तुझ्या वाटेला गेट केलोय. पण तू येऊन त्यातनं जाऊन बघ. स्वल्प जाड झालास म्हणे."

काका जाड झाल्याचं घरात फक्त मला माहीत होतं, तेही फोनवरच्या गप्पांतून. म्हणजे बाल्कनीच्या दाराचा इतकी वर्षं काडीचा उपयोग झाला नव्हता. मी स्वयंपाकघरात जाऊन एकटीच हसले आणि मग थोडी रडलेही.

पुढच्या शनिवारी काका गावाहून आले. मी दोघांना गाडीतून बोम्मसंद्राला नेलं. रस्ताभर ते पाऊस आणि भुईमूग यांवरच बोलले, तेही माझ्याशी. वर्कशॉपमध्ये लेथच्या आणि पत्र्यांच्या मध्ये ते हिरवं गेट एकटंच उभं होतं, दोन्ही बाजूंना कुंपण नाही, काही नाही. काकांनी त्याला एक फेरी मारली, सळ्या दाबून पाहिल्या, मग आत शिरले. पोट अडलं. त्यांनी श्वास धरला, फाटक ढकललं आणि पलीकडे निघाले.

"मी जाईन यातनं," ते म्हणाले. "पण अण्णा, बैलगाडी?"

माझ्या फिटर बापाने प्रत्येक गेट वितीने मोजलं होतं, पण गाडी त्याच्या ध्यानातच आली नव्हती. बाबांनी गेटाकडे पाहिलं, मग काकांकडे.

"गाडी नाही जायची."

"मग?"

"मग कुंपणच काढू."

"आणि एवढं हे गेट कशाला केलास?"

बाबा फाटकाचा खिट्टा उगाच वरखाली करत राहिले. "तुला बोलवायला काहीतरी पायजे होतं की," ते म्हणाले.

गेटाच्या बाजूने सहज येता आलं असतं, पण काका पुन्हा त्यात शिरले, पुन्हा श्वास धरला आणि अलीकडे येऊन बाबांच्या शेजारी उभे राहिले.