कुसुमताईंचा माफीनामा

करसल्लागाराच्या ऑफिसात मी नोकरीला होतो तेव्हाची गोष्ट. निवृत्त नर्स असलेल्या कुसुमताई दंडाची नोटीस घेऊन माझ्यासमोर बसल्या होत्या. नवऱ्याच्या आजारपणात इन्कम टॅक्सचं रिटर्न वेळेत भरायचं राहून गेलं होतं.

"त्याच आठवड्यात हे गेले हो," त्या म्हणाल्या. "तेवढं कळवता येईल का?"

"ताई, फॉर्ममध्ये दुःखाचा रकाना नसतो," मी म्हणालो, आणि वाक्य जमलं म्हणून मनातल्या मनात खूशही झालो.

काचेपलीकडे आमचे साहेब एका परदेशी कंपनीच्या माणसांबरोबर हसत होते. इथे कमावलेला नफा कंपनीने दूरच्या एका बेटावर दाखवला होता. तिथे तिची नुसती टपालपेटी होती. कर जवळजवळ शून्य, आणि सगळं कायदेशीर. ते कागद मीच तयार केले होते. कुणावर गुरकावायचं आणि कुणाला वाट करून द्यायची, हे कायद्याला नेमकं कळतं.

कुसुमताईंनी दंड भरला. मग पर्समधून एक कागद काढून माझ्यापुढे सरकवला. सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, 'चूक माझी आहे. पुन्हा होणार नाही.'

"हेही जोडा," त्या म्हणाल्या. "सरकारला वाटायला नको, बाई लबाड आहे."