कोशांच्या घरात फवारणी

लग्न होऊन सासरी आले तेव्हा मला पहिली ताकीद मिळाली ती कोशांच्या माळांची. मधल्या खोलीत आढ्याला त्या टांगलेल्या असत. त्या खोलीत चूल पेटवायची नाही, तेलाचा हात माळेला लावायचा नाही, मोठ्यानं भांडायचं नाही. आमचं गाव आरमोरीच्या अलीकडे, वैनगंगेपासून जरा आत. गावातली ढिवरांची काही घरं मासे धरायची, काही जंगलात येनाच्या, म्हणजे ऐनाच्या, झाडांवर रेशमाचे किडे पाळून कोसा काढायची. माझे सासरे कोसेवाले. बियाण्याचे कोसे ते हिवाळ्यापासून घरात जपत. मृगाच्या सुमारास त्यांतून पाखरं बाहेर पडत, अंडी घालत, आणि अंड्यांतून निघालेले बारीक किडे सासरे पानांच्या द्रोणात घालून जंगलात नेत. त्या दिवसांत ते केस कापत नसत, मासळी खात नसत. देवाचं काम असावं तसं ते चाले.

माझ्या नवऱ्याला मात्र कोशांत गोडी नव्हती. तो मलेरियावाल्यांच्या टोळीत फवारणीला लागला. ते काम आमच्याकडे तेव्हा नवीनच सुरू झालं होतं. पांढरी पूड पाण्यात कालवायची, बादलीत पंप ठेवून एकानं दट्ट्या हाणायचा आणि दुसऱ्यानं नळीनं भिंतीवर उडवायचं. घरी यायचा तो भुवयांपर्यंत पांढरा होऊन, अंगाला एक उग्र वास घेऊन. पूड तो हातानंच ढवळायचा, कोपरापर्यंत हात बुडवून. मी विचारलं तर म्हणायचा, "मानसाले काई नाई होत. साहेबच सांगते."

माझा पहिला मुलगा तापानं गेला होता. थंडी वाजून यायची, गोधड्या पुरायच्या नाहीत, मग अंग भाजून निघायचं. आता मागून झालेल्या मुलीला तोच ताप लागला होता. एक दिवस सोडून यायचा. तिचं पोट डाव्या बाजूला दगडासारखं झालं होतं. पानथरी, म्हणजे प्लीहा, वाढली म्हणत. त्यामुळे टोळी आमच्या गावात येणार हे कळलं तेव्हा मी कोशांचा विचारच केला नाही. विचार आला तो सासऱ्यांच्या मनात.

टोळी दारात आली तेव्हा ते उंबऱ्यावर बसून होते. टोळीचा साहेब नागपूरकडचा, वयानं लहानच, बोलायला सभ्य.

"साहेब, हे मच्छर मारते म्हनता," सासरे म्हणाले. "मंग माह्या पाखरांले का करन?"

"कोणती पाखरं, बाबा?"

सासऱ्यांनी आत बोट केलं. साहेबानं वाकून माळा पाहिल्या. बराच वेळ पाहिल्या.

"माणसाला याचा त्रास नाही. गुरांनाही नाही. पाखरांचं मला कोणी सांगितलेलं नाही."

"मंग कोनाले विचाराव?"

"वर विचारावं लागेल."

"वर म्हन्जे कुठी?"

साहेब चांदा म्हणाला, मग नागपूर म्हणाला.

"मंग माह्या घरी नाई फवारायचं," सासरे म्हणाले.

मी आत मुलीला मांडीवर घेऊन बसले होते. तिचे दात वाजत होते. परक्या माणसांसमोर मी सासऱ्यांशी कधी बोलले नव्हते. त्या दिवशी पदर ओढून दारात आले आणि म्हणाले, "मामाजी, फवारू द्या."

नळी हातात घेऊन माझा नवराच समोर उभा होता. स्वतःच्याच घरापुढे त्याला पाऊल टाकता येईना.

"बाबा, माळा मी बाहेर काढतो," शेवटी तो म्हणाला.

"तू हात नको लावू. तुह्या आंगाले वास आहे."

सासऱ्यांनी एकेक माळ स्वतः उतरवली, ओल्या धोतरात गुंडाळली आणि आंब्याखालच्या बैलगाडीत ठेवली. खारी आणि कावळे येऊ नयेत म्हणून काठी घेऊन तिथेच बसले. आत भिंतींवरून पांढरं पाणी ओघळत होतं. ढेकूण फटींतून बाहेर येऊन पडायला लागले तेव्हा शेजारच्या बायका हसायला लागल्या. मीही हसले.

जाताना साहेबानं मुलीसाठी गोळ्या दिल्या आणि मला बजावलं, "भिंती सारवू नका हं. सारवल्या तर औषधाचा जोर जातो."

सासऱ्यांनी विचारलं, "माळा कदी आत आनू?"

"वास गेला की आणा."

दोन्ही गोष्टी एकाच तोंडून, एकाच वेळी निघाल्या. भिंतीवरचा जोर टिकावा म्हणून सारवायचं नाही, आणि वास गेला की पाखरं आत आणायची. आम्ही कोणीही या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहिल्या नाहीत. साहेबानंही नाही. त्याला दोष द्यावा असं मला कधी वाटलं नाही. ऐकणारी माणसं दोन होती, त्यानं दोघांना आपापलं सांगितलं.

वास गेल्यावर माळा आत आल्या. पाखरं निघाली ती नेहमीसारखी तिन्हीसांजेला, तळहाताएवढी, पिवळसर, पंखांवर डोळे असलेली. भिंतीवर बसली, आणि थोड्या वेळानं खाली गळायला लागली. जमिनीवर उताणी पडून पाय हलवत राहिली. काही माद्यांनी पडल्या पडल्या अंडी घातली, ती सासऱ्यांनी सुपात वेचून घेतली. पण त्यांतून किडे असे निघालेच नाहीत. सासऱ्यांनी मला दोष दिला नाही. माझ्या नवऱ्याला एवढंच म्हणाले, "हे औषध कवापर्यंत मारते, ते त् विचार." नवरा विचारून आला. "लय महिने," तो म्हणाला, आणि जेवायला न बसता बाहेर गेला.

इकडे फवारणीनंतरचा मुलीच्या तापाच्या पाळीचा पहिला दिवस आला. मी सकाळपासून मुलीचं अंग चाचपत होते. ताप आला नाही. पुढच्या पाळीलाही आला नाही. गोळ्यांनी गेला की फवाऱ्यानं, मला आजही सांगता येणार नाही. पण त्या पावसाळ्यात गावात नव्यानं कोणाला थंडी वाजली नाही एवढं खरं. मुलगी अंगणात पळायला लागली. सासरे तिला मांडीवर घेऊन बसत आणि त्या पांढऱ्या डागांच्या भिंतीकडे पाहत. त्यांना काय वाटत असेल ते मला कळत नव्हतं. मला काय वाटावं तेही कळत नव्हतं. देवापुढे दिवा लावताना कोणाचे आभार मानायचे इथेच मी अडायचे.

पुढच्या फेरीला आणखी एक झालं. टोळीनं काम संपल्यावर पंप आणि बादल्या आमच्या बोडीत धुतल्या. बोडी म्हणजे गावाचं लहानसं तळं. धानाला पाणी तिचंच आणि घरातली मासळीही तिचीच. दुसऱ्या दिवशी बारीक मासे पोट वर करून तरंगत होते. काहींनी टोपल्या भरून नेले, काहींनी नेलेले फेकून दिले. खावं की खाऊ नये, कोणी सांगेना. गावातली माणसं माझ्या नवऱ्यावर धावून आली.

"तू ढिवराचा पोरगा अन् बोडीत जहर धुते?"

"मी त् सांगल्यासारखं केलो! साहेब म्हनते जहर नोहे, औषध आहे."

"मंग मासोई काऊन मेली?"

साहेबाला बोलावलं, तोही बोडीच्या काठावर उकिडवा बसून मासे पाहत राहिला. म्हणाला, "गुरांना काही होत नाही, हे मात्र खरं आहे." कोणीतरी हसलं. मला वाटतं, तो बिचारा आमच्याइतकाच गोंधळला होता. फक्त त्याच्याजवळ सायकल होती आणि आमच्याजवळ नव्हती.

तेव्हा सासरेच बोलले. त्यांनी फवारणी बंद करा असं म्हटलं नाही, याचंच सगळ्यांना नवल वाटलं. ते म्हणाले, पंप बोडीत धुवायचा नाही, नदीतही नाही. गावाबाहेर मुरमाड टेकडीवर खड्डा खणू, तिथी धुवा. फवारताना पान्याचे माठ बाहेर काढा. अन् जिथी मानूस झोपत नाई, अशी एक झोपडी आम्ही बियान्यासाठी बांधू, तिले हात लावायचा नाई.

"वर विचारावं लागेल," साहेब म्हणाला. मग थांबून म्हणाला, "पण खड्डा खणून ठेवा." आणि खड्डा खणताना तो तिथे उभा राहिला.

झोपडी जंगलाच्या कडेला झाली, बांबूची. सासऱ्यांनी दुसऱ्या गावाहून बियाणं आणलं. उंदीर माळा कुरतडू नयेत म्हणून ते तिथेच झोपायला लागले. माणूस झोपत नाही म्हणून जी फवारायची नव्हती, तिच्यातच त्यांनी खाट टाकली. मी म्हटलं, तर म्हणाले, "राखन त् करावच लागते." त्या वर्षी पाखरं चांगली निघाली, किडे झाडांवर चढले, आणि सासऱ्यांना ताप भरला. भर दुपारी येनाच्या झाडाखाली घोंगडी पांघरून ते कुडकुडत बसत आणि वरच्या किड्यांवर येणारे पक्षी हाकलत. नवरा रोज गोळ्या घेऊन जाई. "बाबा, झोपडीले एक हात मारू द्या," तो म्हणे. सासरे मान हलवून नाही म्हणत. ते वाचले, पण अंगात पूर्वीचं बळ आलं नाही.

नवऱ्याचे हात म्हातारपणी थरथरायचे. डॉक्टरांनी विचारलं, काम काय केलं? सांगितलं. ते म्हणाले, त्यानं असेल, नसेलही. पुढे केव्हातरी ऐकलं की त्या पुडीवर शेतीसाठी बंदी आली आणि तापासाठी ती चालूच राहिली. म्हणजे वरच्यांनाही एकच एक उत्तर सापडलं नव्हतं.

पण मला आठवतो तो त्याच्या फार आधीचा एक दिवस. जुन्या साहेबाची बदली झाली होती आणि नवा आला होता. त्याला खड्डा माहीत नव्हता, झोपडीही माहीत नव्हती. नवऱ्यानं सांगितलं, तर तो म्हणाला, असा काही नियम नाही. बोडीकडे बादल्या निघाल्या. सासऱ्यांचा त्या दिवशी तापाचाच दिवस होता. घोंगडी तशीच अंगावर घेऊन ते उठले.

"मामाजी, आज राहू द्या," मी म्हटलं.

"त्याले कोनी सांगलं नसन," ते म्हणाले. "पयल्यापासून सांगाव लागन."

ते काठी टेकत बोडीच्या वाटेला लागले. मी मुलीला कडेवर घेतलं आणि मागे निघाले. तिथे पोचल्यावर आपण कोणाच्या बाजूनं बोलणार, हे मला वाटभर ठरवता आलं नाही. सासरे साहेबासमोर खाली बसले, श्वास सावरला आणि म्हणाले, "साहेब, हे मच्छर मारते, ते बरं आहे. आता माही गोष्ट आयका."